आयत्या वेळचा विषय

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटणार नाही अशा बेताने)

पुण्याच्या एका उपनगरातली ६४ फ्लॅटची सोसायटी. पत्र लिहिणाऱ्या ताई बँकेत आहेत, पंचेचाळिशी ओलांडलेली, घर सातव्या मजल्यावर. सप्टेंबरात सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. दुपारी सव्वाएकला, सभा उरकत आली असताना, 'आयत्या वेळचे विषय' यात एका सभासदाने मांडलं की घरकामाच्या बायका, कचरा नेणारे आणि डिलिव्हरीवाले यांनी मुख्य लिफ्ट वापरू नये, मागच्या सर्व्हिस लिफ्टने जावं. कारण दिलं स्वच्छता आणि सुरक्षितता. "कुणाची हरकत?" असं विचारलं, कुणी बोललं नाही. हात वर करायला सांगितले, सगळ्यांचे वर गेले. ताईंचाही.

सर्व्हिस लिफ्ट आठवड्यातून एक-दोनदा बंद असते, मंगळवारी तर हमखास. ताईंकडे अकरा वर्षं काम करणाऱ्या मावशी साठीच्या, गुडघे दुखरे. त्या दिवशी त्या सात मजले चढून येतात, स्टुलावर बसून पाणी पितात आणि काही न बोलता भांडी घासायला घेतात. बारावीतल्या मुलीने विचारलं, "आई, तूपण हात वर केलास?" ताई म्हणाल्या, "अगं, सेफ्टीचाही प्रश्न असतो." ताई लिहितात, "आता मला ते थोडं थोडं पटायलाही लागलंय, आणि त्याचीच भीती वाटते. कॉलेजात मी समतेची पथनाट्यं केली आहेत. मावशींना आम्ही घरच्यासारखं वागवतो. सोसायटीतली माणसं इतकी कोत्या मनाची असतील असं वाटलं नव्हतं. (चौथ्या मजल्यावरच्या एक जण नंतर पार्किंगमध्ये म्हणाल्या, 'जरा जास्तच झालं ना हे?' पण मग आम्ही गळतीवर बोलायला लागलो.) मिस्टर म्हणतात पाण्यात राहून माशाशी वैर नको. मला वाटतं ग्रुपवर खरमरीत पोस्ट टाकावी, नाहीतर फ्लॅट विकून दुसरीकडे जावं. मी मुळातच भित्री आहे का? की ढोंगी? आणि आता काय करू?"

---

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमचा प्रश्न लक्षात राहिला, दुसऱ्या वाचनात घड्याळ. सव्वाएक! म्हणजे सभा दहाची असणार, गणसंख्या भरेना म्हणून अर्धा तास ताटकळली असणार, मग हिशेब, पार्किंग, गच्चीची गळती आणि गळतीवरून भांडण. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाठ धरलेली, कुणाच्या तरी घरातून फोडणीचा वास येतोय, आणि अध्यक्ष म्हणतात, "आता एक छोटासा विषय." तुम्ही मला विचारता, मी भित्री आहे का. मी तुम्हाला विचारते, तुम्हाला भूक लागली होती का?

थट्टा करत नाहीये. अमेरिकेत प्रिन्स्टनला जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या दोघांनी एक प्रयोग केला होता, तो १९७३ साली छापून आला. धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारी मुलं निवडली. त्यांना सांगितलं, पलीकडच्या इमारतीत जाऊन छोटंसं भाषण करायचंय. काहींना विषय दिला बायबलमधल्या त्या भल्या माणसाचा, जो वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलून घेतो. जायच्या वाटेवर एका दारात एक माणूस मुद्दाम बसवलेला, मान खाली, खोकतोय, कण्हतोय. ज्यांना "अजून वेळ आहे" असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना "उशीर झालाय, पळा" असं सांगितलं होतं त्यांच्यातले १० टक्के. भाषणाचा विषय कुठला होता याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे परोपकारावर बोलायला निघालेला मुलगा कण्हणाऱ्या माणसाला वळसा घालून गेला, कारण घड्याळ पुढे गेलं होतं.

ही मुलं दुष्ट नव्हती, आणि त्यांची श्रद्धाही खोटी नव्हती. पण माणूस आत कसा आहे यावरून तो त्या क्षणी काय करेल हे सांगता येतं, हा आपला समज फार कच्चा आहे. तुम्ही पथनाट्याचा दाखला देता, की तेव्हाची मी खरी की आत्ताची? ताई, पथनाट्यात तुमच्या बाजूने दहा जण उभे होते, डफ वाजत होता आणि तुमचा संवाद पाठ होता. सभेत यातलं काहीच नव्हतं. दोन्हीकडे तुम्हीच होतात.

आता त्या वर गेलेल्या हाताबद्दल.

मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. दरवर्षी जुलैत नवा वर्ग आला की मी फळ्यावर तीन रेघा काढायचे, एक आखूड, एक मध्यम, एक लांब. बाजूला चौथी, यातल्या एकीएवढीच. कुठल्या रेघेएवढी, एवढंच सांगायचं. शेंबडं पोरही सांगेल. फक्त सात-आठ मुलांना मी आधीच फितवून ठेवलेलं असे, आणि ज्याला काही माहीत नाही त्याचा नंबर शेवटी येई. एका वर्षी लातूरकडून आलेला एक मुलगा असाच शेवटी अडकला. समोरच्या सगळ्यांनी धडधडीत चुकीचं उत्तर दिलं. याचे कान लाल झाले, त्याने एकदा फळ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तेच चुकीचं उत्तर दिलं. नंतर सगळं उघड झाल्यावर म्हणाला, "मॅडम, मला बरोबर रेघ दिसत होती हो. पण म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल."

हा प्रयोग मूळचा सॉलोमन अ‍ॅश यांचा, १९५१ चा. सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतो आणि बहुतेक वेळा त्याची अर्धीच गोष्ट सांगतात, की माणूस मेंढरासारखा कळपामागे जातो. आकडे वेगळं सांगतात. इतर सगळे चुकत असताना दिलेल्या उत्तरांपैकी साधारण ३७ टक्के उत्तरं कळपाबरोबर गेली. म्हणजे ६३ टक्के वेळा माणसांनी आपल्याला दिसतं तेच सांगितलं. आणि चौघांतला एक तर एकदाही वाहवला नाही. पण तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. अ‍ॅशनी नंतर त्या फितलेल्या टोळीत एकच माणूस असा ठेवला की जो खरं उत्तर देईल. तेवढ्याने चुकीच्या उत्तरांचं प्रमाण पूर्वीच्या पाव हिश्श्यावर आलं. एक सोबती मिळाला आणि डोळ्यांवर विश्वास परत आला! शिवाय उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायची मुभा दिली, तेव्हाही माणसं बरीच मोकळी झाली.

तुमच्या सभेत काय होतं बघा. उत्तर उघड्यावर द्यायचं, हात वर करून. आधी "हरकत कुणाची?" असं विचारून शांतता पसरवलेली, आणि मग त्या शांततेलाच संमती म्हटलेलं. सोबती एकही दिसत नव्हता.

दिसत नव्हता म्हणते, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. चौथ्या मजल्यावरच्या बाई. "जरा जास्तच झालं ना हे?" त्यांनीही हात वर केला होता. तुम्हाला वाटलं त्यांना ठराव मान्य आहे, त्यांना वाटलं तुम्हाला मान्य आहे. दोघी एकमेकींकडे बघून गप्प बसलात, आणि पार्किंगमध्ये सत्य एकदा डोकं वर काढून गेलं तर तुम्ही दोघींनी त्याच्यावर गळतीचं पाणी ओतलंत. राग मानू नका, मीही तेच केलं असतं.

यालाही जुना दाखला आहे. बिब लाताने आणि याच डार्ली यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं. खोलीत माणसाला फॉर्म भरायला बसवायचं आणि भिंतीतल्या झरोक्यातून हळूहळू धूर सोडायचा. माणूस एकटा असेल तर चारांतले तीन जण उठून सांगायला जातात. पण शेजारी दोन माणसं ढिम्म बसवून ठेवली, तर दहातला एकच उठतो. बाकीचे डोळे चोळतात, खोकतात, हाताने धूर बाजूला सारतात आणि फॉर्म भरत राहतात. 'यांना काही वाटत नाहीये, म्हणजे काही नसेल.' आणि जेव्हा शेजारचेही खरेच अनभिज्ञ असतात, तेव्हा तेही आपल्याकडे बघून हेच म्हणत असतात.

म्हणून 'इतकी कोत्या मनाची माणसं' या तुमच्या वाक्याशी मी थोडी भांडणार आहे. त्याच वेळी, त्याच खुर्च्यांवर, तोच हात तुम्हीही वर केलात. स्वतःबद्दल लिहिताना तुम्ही मला अख्खी दुपार सांगितलीत, उशीर, गोंधळ, शांतता. शेजाऱ्यांबद्दल लिहिताना एकदम स्वभावावर आलात. आपण गप्प बसलो तर परिस्थिती, दुसरा गप्प बसला तर त्याची वृत्ती. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये दुसऱ्याच्या वागण्याचं खापर त्याच्या स्वभावावर फोडण्याच्या या सवयीला 'मूलभूत चूक' म्हटलं. पुढे जोन मिलर या अभ्यासकबाईंनी शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांना ओळखीच्या माणसांच्या वागण्याची कारणं विचारली, तेव्हा दिसलं की म्हैसूरची मोठी माणसं अमेरिकनांपेक्षा परिस्थितीकडे, नात्यांकडे जास्त बोट दाखवतात. १९८४ चा तो अभ्यास. म्हणजे ही नजर आपल्याला परकी नाही. आपली आजी नाही का म्हणायची, "अगं, तिच्यावर काय वेळ आली असेल, तू तिच्या जागी असतीस तर?" पण तीच आजी दुसऱ्या दिवशी "स्वभावाला औषध नाही" असंही म्हणायची. दोन्ही वाक्यं आपल्या घरात आहेत. कुठलं केव्हा काढायचं हे आपल्या हातात असतं, आणि चिडल्यावर दुसरंच काढलं जातं.

६४ घरांत खरोखर ज्यांना मावशींबरोबर लिफ्टमध्ये उभं राहायची किळस वाटते अशी माणसं असतील, नाही कशाला म्हणू. मला वाटतं पाच-सहा घरं. ज्यांना मनापासून चुकीचं वाटलं अशीही पाच-दहा असतील. मधली सगळी भुकेली होती.

आता मुलीकडे येते, कारण माझ्या मते पत्रातला खरा धोका तिथे आहे आणि तो तुम्हीच ओळखलाय.

लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी १९५९ मध्ये विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम करायला लावलं, फळीवरच्या खुंट्या थोड्या थोड्या फिरवत बसायचं. मग सांगितलं, बाहेर थांबलेल्या पुढच्या मुलीला सांग की काम फार मजेचं आहे. या थापेबद्दल कुणाला एक डॉलर दिला, कुणाला वीस. नंतर विचारलं, खरं सांग, काम कसं वाटलं? वीस डॉलरवाले म्हणाले, कंटाळवाणं. एक डॉलरवाले म्हणाले, तसं बरं होतं. वीस डॉलरवाल्याकडे खोटं बोलायला कारण होतं. एका डॉलरसाठी आपण खोटं बोललो हे पचेना, म्हणून एक डॉलरवाल्याने आपलं मतच हलवलं.

तुम्हाला तर एक डॉलरही मिळाला नाही. हात वर करायला काही मोठं कारण नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. म्हणूनच मुलीने विचारल्यावर 'सेफ्टी' तोंडातून आलं, आणि आता ते 'थोडं थोडं पटायला' लागलंय. विचार आधी आणि कृती मागून, असं आपण समजतो. पुष्कळदा हात आधी वर जातो आणि विचार धापा टाकत मागून जिना चढतो.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैजेवर सांगते, ठरावानंतर सोसायटीच्या ग्रुपवर चोरीच्या बातम्या वाढल्या असतील. कुठल्याशा सोसायटीत डिलिव्हरीवाल्याने बूट पळवले, कुठे बाईने चेन उचलली. फॉरवर्ड, फॉरवर्ड. फेस्टिंगरना ही सगळी कल्पना सुचली ती आपल्याकडच्याच एका गोष्टीवरून. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. ज्या भागात हादरे जाणवले पण पडझड झाली नाही, तिथल्या अफवा जमुना प्रसाद या अभ्यासकाने गोळा केल्या होत्या. त्या लोकांना धीर देणाऱ्या नव्हत्या, उलट याहून मोठी आपत्ती येतेय असं सांगणाऱ्या होत्या. फेस्टिंगरना प्रश्न पडला, घाबरलेली माणसं आणखी घाबरवणारी गोष्ट का पसरवतील? त्यांनी उत्तर काढलं की भीती तर आधीच आत बसलेली होती, तिला शोभेल असं कारण हवं होतं. तुमच्या ग्रुपवरच्या चोऱ्यांकडे या नजरेने बघा. ठराव झालाय, आता त्याला शोभतील असे चोर हवेत.

तर मुलीशी आधी बोला. आजच. लांबलचक काही नको. "त्या दिवशी मी हात वर केला तो चुकीचा होता, आणि तुला सेफ्टीचं सांगितलं ते मी सारवासारव करत होते." एवढं. ती कदाचित मोबाइलमधून मान वर न काढता "ओके" म्हणेल. चालेल. मोठ्याने म्हटलेलं वाक्य तुम्हालाही ऐकू जाईल, त्याची गरज जास्त आहे.

मग मावशी. इथे एक अवघड गोष्ट विचारते. 'घरच्यासारखं वागवतो' असं तुम्ही लिहिलंय. मावशी तुमच्याकडे चहा कुठल्या कपात पितात?

विचारायचा मला अधिकार कमीच आहे. मी शिकवत होते त्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये शिपाईमामांचा कप खिडकीच्या कट्ट्यावर पालथा असायचा, कान तुटलेला, फुलाफुलांचा. आमचे कप पांढरे, ट्रेमध्ये. मी तासाला अ‍ॅशच्या रेघा शिकवून यायचे आणि खिडकीजवळ बसून चहा प्यायचे. किती वर्षं? पंधरा तरी. मला तो कप दिसत नव्हता असं नाही, त्या लातूरच्या मुलाला रेघ दिसत होती तसाच दिसत होता. मग एक नवीन बाई रुजू झाल्या, अगदी पोरसवदा. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्यांनी ट्रेमधला एक कप घेतला, चहा ओतला आणि "मामा, घ्या" म्हणून पुढे केला. कुणी हूं का चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दिला. आठवड्याभरात खिडकीतला कप गायब झाला, कुणी उचलला माहीत नाही. पंधरा वर्षं मला वाटत होतं की बाकीच्यांना तो तिथे हवाय.

मावशींशी बोलताना माफीचा मोठा समारंभ करू नका. त्याने तुम्हाला हलकं वाटेल आणि त्यांना संकोच होईल, वर तुमची समजूत काढायचं आणखी एक काम त्यांच्यावर पडेल. "मावशी, मी त्या ठरावाला हो म्हटलं होतं, चुकलं माझं. मी तो बदलायचा प्रयत्न करणार आहे, वेळ लागेल. तोवर लिफ्ट बंद असेल त्या दिवशी येऊ नका, पगार कापणार नाही." आणि विचारा की त्या आणखी कुठल्या मजल्यांवर काम करतात. तुमच्या मागणीसाठी त्यांना कुठे पुढे करू नका. त्यांची तीन-चार घरं याच इमारतीत असतील, आणि उद्या कुणी त्यांनाच 'तुम्हीच तक्रार केलीत वाटतं' असं म्हणून कामावरून काढलं, तर तुमच्या धैर्याचं बिल त्यांच्या नावावर फाटेल.

फ्लॅट विकायचा विचार मी तरी बाजूला ठेवते. दुसऱ्या सोसायटीतही सभा सव्वाएकलाच संपते.

ग्रुपवरची खरमरीत पोस्ट मात्र मोह पाडणारी आहे, समजू शकते. टाकू नका. ग्रुपवर दीडशे जण बघत असतात. ठराव मांडणाऱ्या गृहस्थांना तिथे खोडलंत की ते चारचौघांत आपलं मत धरून बसणार, चार अंगठे त्यांना पडणार, दोन तुम्हाला, आणि मधली सगळी पुन्हा एकदा अंगठे मोजून ठरवणार की बहुमत कुठे आहे. म्हणजे तीच सभा, फक्त पोटभर जेवून.

मिस्टरांचं पाण्यात राहून माशाशी वैर नको हे खरंच आहे. फक्त मासे किती आणि कुठले, हे अजून कुणी मोजलेलं नाही. ते मोजा.

चौथ्या मजल्यावर जा. एकट्या, संध्याकाळी, चहाच्या वेळेला. "त्या दिवशी पार्किंगमध्ये तुम्ही म्हणालात ना, मलाही तसंच वाटलं होतं." मग दोघी मिळून तिसरं घर शोधा. घरात वृद्ध आई-वडील असतील तिथे आधी जा, कारण त्यांच्याकडे येणारी आया किंवा अटेंडंटही याच नियमात अडकली असणार आणि त्यांना अडचण रोज जाणवत असणार. एकेकट्याशी बोला, दारात नको, बसून. माणूस घोळक्यात जे बोलतो आणि आपल्या सोफ्यावर जे बोलतो त्यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. तुम्हाला ६४ घरं जिंकायची नाहीत. सोसायट्यांच्या उपविधींप्रमाणे एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. ६४ चा पाचवा हिस्सा म्हणजे तेरा सह्या. तेरा! तुम्हाला धरून.

सेक्रेटरींकडून तुमच्या उपविधींची प्रत मागा, आणि विषयपत्रिकेवर नसलेल्या विषयावर असा ठराव करता येतो का, इतिवृत्ताच्या मसुद्यावर हरकत कशी नोंदवायची, हेही त्यात वाचा. बँकेत आहात, कागद वाचायची सवय असेलच.

सभा मिळाली की तीन गोष्टी मागून घ्या. विषय पहिला हवा. मतदान चिठ्ठीने हवं. आणि ठराव मांडणाऱ्याने आपली बाजू मांडल्यावर लगेच कुणीतरी दुसरी बाजू मांडायची, तो 'कुणीतरी' आधीच ठरलेला हवा. तुम्हाला बोलायची भीती वाटत असेल तर वाक्य लिहून न्या, पथनाट्यात संवाद पाठ होता तसं. "मी मागच्या सभेत हात वर केला होता, आता माझं मत बदललंय" अशी सुरुवात करा, कारण समोर बसलेल्या सगळ्यांचेच हात वर गेले होते, आणि परत खाली कसे घ्यायचे हे त्यांना कुणीतरी दाखवायला हवंय. ठराव मांडणाऱ्या गृहस्थांना वाईट ठरवू नका. त्यांना सुरक्षितता हवी असेल तर गेटवरची नोंदवही, कॅमेरा यावर बोला. बोट लिफ्टच्या बटणाला कुणाचं लागलं, याचा त्याच्याशी काय संबंध, हे शांतपणे विचारा. पुन्हा विचारलं गेलं तर पुन्हा तसंच, त्याच शब्दांत. सेर्ज मॉस्कोव्हिसी यांच्या १९६९ च्या प्रयोगांत सहांतले दोघंच जण निळ्या रंगाला सतत हिरवा म्हणत राहिले, तरी बाकीच्यांची थोडी उत्तरं त्यांच्याकडे वळली, साधारण आठ टक्के. तेच दोघं कधी निळा कधी हिरवा म्हणाले, तेव्हा जवळजवळ कुणीच वळलं नाही. तुमची बाजू तर निळ्याला निळा म्हणण्याची आहे.

हे सगळं फक्त सोसायटीपुरतं नाही, हे इतर वाचकांनाही कळलं असेल. शाळेच्या पालकसभेत सहल परवडत नसताना माना डोलावणारे आईबाप, लग्नाच्या बैठकीत 'सगळ्यांचं असंच ठरतं' म्हणून मानपानाला हो म्हणणारा मामा, ऑफिसात साहेबाच्या विनोदावर हसणारे सगळे. बैठकीच्या आदल्या दिवशी एका माणसाला फोन करून ठेवा, एवढं केलं तरी पुष्कळ.

हरलात तर? हरू शकता. तेरा सह्या मिळाल्या तरी तेहतीस मतं मिळतील असं नाही. मग दरमहा सर्व्हिस लिफ्टच्या दुरुस्तीचा अर्ज द्या, ती लिफ्ट रोज चालली पाहिजे हे मागायला कुणाचंच मन आड येणार नाही. आणि पुढच्या सप्टेंबरात विषय परत घ्या. मला हे पुरेसं वाटतं असं नाही, पण मावशींचे गुडघे आत्ता दुखतायत.

जिंकलात तर मात्र एक काम राहतं. १९२३ मध्ये रावबहादूर बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तसं चवदार तळंही खुलं केलं. तळं कागदावर खुलं होतं, ओंजळ भरायला कुणी धजत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तिथे उतरले तेव्हा ते पाणी पिण्याचं झालं. तुमच्या लिफ्टला चवदार तळ्याच्या शेजारी बसवायचं नाही मला, तेवढी तिची लायकी नाही. पण ठराव रद्द झाल्याची नोटीस बोर्डावर लागली तरी मावशी मागच्याच दाराने येत राहतील, हे मी आत्ताच सांगते. पहिल्या सकाळी तुम्ही खाली जा, चौथ्या मजल्यावरच्या बाईंनाही बोलवा, आणि मावशींबरोबर पुढच्या लिफ्टमधून वर या. फक्त तो मंगळवार नको, मंगळवारी तुमची मागची लिफ्ट बंद असते आणि लोक म्हणतील, नाइलाज होता म्हणून आल्या.